आजोबांची बंदूक



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी पवित्र मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब आम्हाला भेटायला कार्यालयात आले. आजी, त्यांचा मुलगा आणि कॉलेजात शिकणारी नात. तिघांच्याही चेहऱ्यांवरून कळत होते की घरातून निघताना वाद झालेला आहे. हा वाद जमिनीचा नव्हता, खोलीचा नव्हता, लग्नाचाही नव्हता. तो होता एका बंदुकीचा. त्यांच्या परवानगीने, नावे न सांगता, तो प्रसंग आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत. कारण त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते आणि तेव्हापासून तो प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही.

या घरातील आजोबा मूळचे सावंतवाडीकडचे. आयुष्यभर परळच्या गिरणीत नोकरी केली, पण गावची शेती सोडली नाही. भाताचे पीक रानडुकरे रातोरात लोळवून टाकीत, म्हणून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एक दोननळी बंदूक गावच्या घरी होती. तरुणपणी आजोबा वाडीतल्या मंडळींबरोबर शिकारीलाही जात. आजोबा देवाघरी गेले. कायद्याप्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर बंदूक घरात ठेवता येत नाही, म्हणून ती पोलीस ठाण्यात जमा झाली. आता वारसांनी ठरवायचे होते: परवाना आपल्या नावावर मागायचा, बंदूक विकायची, की सरकारजमा करायची?

मुलगा म्हणाला, "फादर, मी दुकान बंद करून रात्री गल्ला घेऊन घरी येतो. दोन वर्षांपूर्वी मला सुरा दाखवून लुटले. बंदूक माझ्या नावावर करून घेतो. जमले तर तिच्या जागी रिव्हॉल्व्हरचा परवाना मागतो. घरात बायको आहे, मुलगी आहे. हे पाप आहे का?"

आजी म्हणाल्या, "मला ती नको. मी तिला चाळीस वर्षं पुसली. तिच्यासाठी किती रात्री जागून काढल्या, मलाच माहीत."

आणि नात, जी एनसीसीत आहे आणि एअर रायफलने नेमबाजी शिकते, ती हळूच म्हणाली, "फादर, पप्पा मला म्हणतात, तू रोज बंदूक हातात घेतेस ती चालते, मग माझी का नाही?"

एकाच घरात शिकार, खेळ आणि स्वसंरक्षण असे तीन प्रश्न एकदम उभे होते. आम्ही त्या संध्याकाळी एवढेच म्हटले, "शस्त्रापासून दूर राहिलेले बरे. प्रार्थना करा." उत्तर खोटे नव्हते, पण सोपे होते. ज्याच्या गळ्याला सुरा लागलेला नाही अशा माणसाने दिलेले ते उत्तर होते. म्हणून आज जरा सावकाश विचार करू.

आजोबांपासून सुरुवात करू. बायबल शिकारीला सरसकट पाप म्हणत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात एसाव शिकारी आहे आणि म्हातारा इसहाक त्याने आणलेले मांस आवडीने खातो. जलप्रलयानंतर देव नोहाला प्राण्यांचे मांस खाण्याची मुभा देतो. परंतु त्याच दमात रक्ताविषयी, म्हणजे प्राणाविषयी, ताकीदही देतो. अन्न म्हणून घेण्याची मोकळीक आहे, प्राणाशी खेळण्याची नाही. संत ह्युबर्ट यांना शिकाऱ्यांचे आश्रयदाते मानतात. त्यांच्याविषयी दंतकथा अशी की, शुभ शुक्रवारी सगळी माणसे चर्चमध्ये असताना हे महाशय जंगलात हरणाच्या मागे लागले होते. हरिण वळून उभे राहिले, तर त्याच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला. शिकारी गुडघ्यांवर आला आणि पुढे बिशप झाला. दंतकथा असली तरी तिच्यातला अर्थ खरा आहे: ज्याच्यावर नेम धरला, त्याच्या पाठीमागे निर्माणकर्ता उभा आहे.

ही गोष्ट युरोपातली झाली. अशीच एक गोष्ट आपल्या गिरगावातली आहे आणि ती दंतकथा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खेतवाडीत आपल्या मामांच्या घरी एक पोरका मुलगा वाढत होता. मामांनी त्याला छर्ऱ्याची बंदूक दिली होती. लहान मुलाच्या हातात बंदूक आली की तो काय करणार? चिमण्या मारणार. एकदा त्याने तबेल्यातल्या भोकाजवळ बसलेला चिमणा टिपला. मादीने दुसरा जोडीदार आणला, तोही याने टिपला. आठवडाभरात असे आठ नर त्याने मारले आणि त्याची नोंदही करून ठेवली. पुढे एक दिवस त्याने पाडलेली चिमणी हातात घेतली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हे. कोणती असेल? मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील मानद सचिव मिलार्डसाहेबांनी त्याला कपाटांतले शेकडो पक्षी दाखवले. ही १९०८ सालची गोष्ट. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली, ज्यांनी पुढे या देशाला पक्षी पाहायला शिकवले.

त्यांनी १९८५ साली लिहिलेल्या आत्मचरित्राचे नावच एका चिमणीच्या पडण्यावरून आहे. ते शब्द शेक्सपिअरच्या नाटकातून आलेले, आणि शेक्सपिअरकडे ते आले आपल्या शुभवर्तमानातून. संत मत्तयच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, बाजारात कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीसुद्धा पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही. डॉ. सालिम अलींनी त्या दिवसापासून बंदूक टाकून दिली असे मात्र नाही. अभ्यासाचे नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी पुढेही पक्षी मारले. परंतु पडलेल्या चिमणीकडे त्यांनी पाहिले. मारून पुढे निघून गेले नाहीत, वाकून उचलले आणि विचारले, तू कोण आहेस? आमच्या मते शिकारीचा खरा प्रश्न येथे आहे. समोर जीव दिसतो, की फक्त नेम?

आज आपल्या देशात हा प्रश्न कायद्याने बराच सोडवलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार गुन्हा आहे. पीक खाणाऱ्या रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. ज्याचे वर्षाचे भात एका रात्रीत जाते त्याला मुंबईत बसून उपदेश करणे आम्हाला शोभत नाही. पण चोरून रात्रीच्या अंधारात झाडी हलली की गोळी झाडण्याचे काय होते, तेही आपण वाचतो. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या मंडळींची गोळी त्यांच्याच सोबत्याला लागली आणि तो प्राणास मुकला. आजी रात्री का जागत होत्या, ते आता कळते. त्यांना डुकरांची भीती नव्हती. सकाळी कोण परत येईल आणि कोण नाही, याची भीती होती.

आता नातीचा प्रश्न. तिच्या पपांना वाटते, बंदूक ती बंदूक. पण मुलीने आम्हाला जे सांगितले त्याने आमचे डोळे उघडले. ती म्हणाली, "फादर, तिथे मारायला शिकवतच नाहीत. स्थिर उभं राहायला शिकवतात."

आपल्या दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेली एक एनसीसीची मुलगी वरळीच्या रेंजवर सराव करू लागली. अंजली वेदपाठक, लग्नानंतर अंजली भागवत. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत ती पोहोचली, आणि पुढे २००२ साली जागतिक क्रमवारीत पहिली आली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या मुलींना नेमबाजीची वाट दिसली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली विश्वविजेती झाली. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. ज्या रेल्वेने आपण रोज परळ-दादरहून कामाला जातो, त्याच रेल्वेतला हा माणूस.

दहा मीटर एअर रायफलचा निशाणा कागदाचा असतो. त्यातला मधला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेनाने टेकवलेल्या टिंबाएवढा. तेथे राग चालत नाही. श्वास चुकला, मनात दुसऱ्याविषयी स्पर्धेचे विष आले, आईशी सकाळी झालेले भांडण आठवले, की गोळी बाजूला गेली. संत पौलाने ख्रिस्ती जीवनाला धावण्याच्या शर्यतीची आणि मुष्टियुद्धाची उपमा दिलेली आहे. तो आज असता तर नेमबाजीचीही उपमा देता, असे आम्हाला वाटते. ग्रीक भाषेत नव्या करारात पापासाठी जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच मुळी नेम चुकणे असा आहे. सेमिनरीत हा शब्द शिकलो तेव्हा पाठ केला होता. त्याचा अर्थ या मुलीने समजावला.

तेव्हा, बेटा, तुझी रायफल आणि पपांना हवी असलेली रिव्हॉल्व्हर या दोन्ही वस्तू लोखंडाच्या असल्या तरी एक नाहीत. तुझ्या नेमापुढे कागद आहे. त्यांच्या नेमापुढे, वेळ आली तर, माणूस असेल. फरक आहे तो एवढा आणि तो फार मोठा आहे. तू खेळ. मन लावून खेळ. फक्त एक लक्षात ठेव: रेंजबाहेर मैत्रिणींसमोर मिरवण्यासाठी ती हातात घेतलीस, त्या दिवशी खेळ संपला.

उरला मुलाचा प्रश्न, आणि तोच सर्वांत कठीण. "फादर, हे पाप आहे का?"

सरळ उत्तर देतो: स्वतःचा आणि आपल्या माणसांचा जीव वाचवणे हे पाप नाही. ख्रिस्तसभेची शिकवण तशी आहे. या बाबतीत संतांमध्येही एकमत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. संत ऑगस्टीन यांना केवळ स्वतःचा जीव वाचवण्यासाठी खासगी माणसाने दुसऱ्याचा जीव घ्यावा हे पटत नसे. सैनिकाची आणि अधिकाऱ्याची गोष्ट ते वेगळी मानत. आठशे वर्षांनंतर संत थॉमस अक्वायनस यांनी अधिक खोल विचार मांडला. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, असे ते म्हणतात. मी हल्ला परतवतो, त्याने माझा जीव वाचतो; त्यात हल्लेखोर कदाचित मरतो. माझा हेतू पहिला असेल, दुसरा नसेल, तर मी दोषी नाही. मात्र त्यांनी एक अट घातली: गरजेपेक्षा जास्त बळ वापरले तर ती कृती वाईट ठरते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात हीच शिकवण आहे. ज्याच्यावर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी तर संरक्षण हे कर्तव्यही ठरू शकते, असे तेथे सांगितले आहे.

गंमत पाहा, आपल्या देशाचा कायदाही तेच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता आणि त्याआधीची दंडसंहिता, दोन्हींनी खासगी संरक्षणाचा हक्क मान्य केला आहे, आणि दोन्हींनी बजावले आहे की बचावासाठी लागते त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणालाही नाही. शस्त्र हा मात्र हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली त्यासाठी परवाना मागावा लागतो, कारण द्यावे लागते, आणि सरकारला नाही म्हणता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, आणि लग्नकार्यात हौसेने गोळ्या झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. काही ठिकाणी वरातीत हवेत उडालेली गोळी कोणाच्या तरी गच्चीवर पडते, म्हणून हा कायदा करावा लागला.

म्हणजे परवानगी आहे. मग आम्हाला अडते कोठे? आम्हाला अडते ते भीतीपाशी.

जानेवारी १९९३ ची मुंबई तुमच्यापैकी ज्यांना आठवते त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच समजेल. आम्ही तेव्हा शाळेत होतो. चाळीच्या गॅलरीत रात्रभर पुरुष मंडळी हॉकी स्टिक आणि स्टंप घेऊन बसत. समुद्रातून होड्या भरून शस्त्रे येत आहेत अशी अफवा दादरच्या किनाऱ्यावर पसरली आणि लोक अंधारात पाण्याकडे डोळे लावून बसले. होड्या आल्या नाहीत. पण भीती आली ती घरोघर. ज्यांच्याबरोबर आम्ही गल्लीत क्रिकेट खेळलो त्यांच्या घराकडे आमचे मोठे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. त्याच दिवसांत अभिनेते संजय दत्त यांनी घरात रायफल आणली. आपल्या कुटुंबाच्या रक्षणासाठी आणली, असे त्यांचे म्हणणे होते. कटात सामील असल्याच्या आरोपातून न्यायालयाने त्यांना मुक्त केले, पण विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणली आणि ती पूर्ण करून ते २०१६ साली येरवड्याहून बाहेर आले. त्यांनी शिक्षा भोगली. त्यांना बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. पण हे लक्षात घ्या की काही दिवसांच्या भीतीने त्या घराची तेवीस वर्षे खाल्ली.

भीतीने घेतलेली बंदूक भीती घालवत नाही, ती भीतीला कपाटात जागा देते. कपाटाची किल्ली कोठे आहे? मुलांच्या हाती लागेल का? रात्री दार वाजले तर तो चोर की उशिरा आलेला भाऊ? रागाच्या भरात मीच ती काढली तर? आपल्या घरांत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात. तेथे उशीखाली ठेवलेली रिव्हॉल्व्हर चोराच्या जवळ असते त्यापेक्षा लेकराच्या जवळ असते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून पहाटे घरातच गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. चोर नव्हता, भांडण नव्हते. दैव चांगले म्हणून पायावर निभावले.

आणि सुरा घेऊन आलेल्या माणसापुढे, बंधो, तुमच्या हातात रिव्हॉल्व्हर असती तर काय झाले असते? तुम्हीच आम्हाला सांगितलेत की तो पोरगा वीस-बावीस वर्षांचा होता आणि त्याचा हात थरथरत होता. तुमचा गल्ला गेला. तुम्ही घरी आलात. तोही कोठेतरी घरी गेला. त्या रात्री दोन हातांत दोन शस्त्रे असती तर दोघांपैकी एक जण घरी पोहोचला नसता. तो तुम्ही नसता तरी त्याचा थरथरता हात तुम्हाला आयुष्यभर आठवला असता.

गेथशेमनी बागेतली रात्र आठवा. पेत्राजवळ तलवार होती. त्याचा हेतू चांगला होता, प्रेम खरे होते, समोर शत्रूही खराच होता. त्याने वार केला. आणि तो लागला कोणाला? अटकेचा हुकूम देणाऱ्या प्रमुख याजकाला नाही, विश्वासघात करणाऱ्या यहुदालाही नाही. लागला तो मल्ख नावाच्या एका नोकराला, जो हुकमाचा ताबेदार म्हणून आलेला होता. घाबरलेल्या हाताचा वार नेहमी असाच भलत्यावर पडतो. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितली. आणि संत लूक सांगतो की त्याने त्या नोकराच्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. अटक होण्यापूर्वीचा प्रभूचा शेवटचा चमत्कार शत्रूच्या माणसासाठी होता, आपल्या शिष्याने केलेली जखम भरून काढण्यासाठी होता.

याचा अर्थ कोणीच शस्त्र धरू नये, असा होतो का? नाही. आपल्याच चौपाटीकडे पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांच्याजवळ होती फक्त काठी. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या. नळी सुटली नाही. त्यामुळे कसाब जिवंत सापडला आणि ओंबळे यांचे सहकारी वाचले. दुसऱ्या अतिरेक्याला मात्र पोलिसांच्या गोळ्यांनीच थांबवले, हेही खरे आहे आणि त्या पोलिसांचे आपण ऋणी आहोत. समाजाच्या वतीने, कायद्याच्या बंधनात राहून कोणीतरी शस्त्र धरावे लागते. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो.

परंतु त्या रात्री ज्यांनी सर्वाधिक जीव वाचवले त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातात काहीच नव्हते. सीएसटी स्थानकावर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून लोकांना बाहेर पडण्याची वाट सांगितली. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवती महिलांना एका आतल्या खोलीत नेऊन दारे लावली, दिवे मालवले. ओंबळे यांना २१ वर्षांच्या कसाबसारखी रायफल चालवता आली नसती असे नाही. ते पूर्वी सैन्यात होते. पण त्या क्षणी त्यांनी मृत्यू दुसऱ्याकडे ढकलला नाही, स्वतःकडे ओढून घेतला. आपण दर रविवारी वेदीसमोर ज्याचे शरीर स्वीकारतो, त्याने हेच केले. ओंबळे आपल्या धर्माचे नव्हते. परंतु क्रूसाचा अर्थ त्या रात्री चौपाटीवर त्यांनी आपल्याला दाखवला, असे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आणखी एक गोळी आठवते. १३ मे १९८१ रोजी, फातिमा मातेच्या सणाच्या दिवशी, संत पेत्राच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ते वाचले. चार दिवसांनी रुग्णालयातूनच त्यांनी मारेकऱ्याला क्षमा केली आणि १९८३ च्या नाताळनंतर तुरुंगात जाऊन त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पुढे गाडीला जाड काचा बसल्या, पहारा वाढला. क्षमा म्हणजे बेसावधपणा नव्हे. पण ती गोळी कोठे आहे माहीत आहे? फातिमाच्या मरियामातेच्या मुकुटात. माणसाच्या द्वेषातून सुटलेले शिसे आता आईच्या डोक्यावर आहे. यशया संदेष्ट्याने तलवारींचे नांगर होतील असे स्वप्न पाहिले होते. स्वप्न अजून पुरे झालेले नाही, पण त्याची एक गोळी तरी वितळली, असे आम्ही समजतो.

म्हणून परवाना मागावा की मागू नये, हे आम्ही कोणालाही व्यासपीठावरून सांगणार नाही. तो निर्णय प्रत्येकाने आपल्या विवेकबुद्धीने, घरच्यांना विचारून, देवासमोर घ्यायचा आहे. पण तो घेताना तीन प्रश्न स्वतःला विचारा. पहिला: हे मी कोणाला वाचवण्यासाठी मागतो आहे, की माझा गेलेला मान परत मिळवण्यासाठी? दुसरा: जीव वाचवण्याचे दुसरे सर्व मार्ग मी खरोखर करून पाहिले आहेत का? तिसरा: माझ्या नळीच्या दुसऱ्या टोकाला जो उभा असेल, तोही कोणाचा तरी मुलगा आहे, हे मला त्या क्षणी आठवेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला छातीवर हात ठेवून देता येत नाही, त्याने घाई करू नये.

आता त्या कुटुंबाचे काय झाले ते सांगतो. आजोबांची बंदूक सरकारजमा करावी असे आजींनी ठरवले आहे आणि मुलांनी त्यांचे ऐकले आहे. त्या म्हणाल्या, "आता तरी मला झोप लागू दे." नात सरावाला जाते, पुढच्या महिन्यात तिची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे. मुलाचे मन मात्र अजून पूर्ण वळलेले नाही आणि आम्ही त्याला दोष देत नाही. सुऱ्याचे पाते ज्याने गळ्यापाशी पाहिले, त्याची भीती प्रवचनाने जात नाही. पण शेजारच्या दोन दुकानदारांबरोबर त्याने ठरवले आहे की तिघांनी एकाच वेळी शटर ओढायचे आणि नाक्यापर्यंत बरोबर चालायचे. रोकड शक्यतो दिवसाच बँकेत भरायची. त्या दोघांपैकी एक जण दुसऱ्या धर्माचा आहे. १९९३ साली ज्यांच्याकडे आपण संशयाने पाहिले त्यांच्याच खांद्याला खांदा लावून आज हा माणूस रात्री घरी येतो. आम्हाला विचाराल तर हे संरक्षण कोणत्याही रिव्हॉल्व्हरपेक्षा मोठे आहे.

या आठवड्यासाठी: आपल्या मजल्यावर किंवा गल्लीत जो कोणी रात्री एकटा, भीतीने घरी येतो, त्याला एकदा विचारा, "थांबू का तुझ्यासाठी?" आणि ज्याने आपल्याला कधी लुटले, मारले, धमकावले, त्याचे नाव माहीत नसले तरी त्याच्यासाठी पवित्र माळेचा एक दशक म्हणा.

हे प्रभो, तू चिमणीलाही विसरत नाहीस. आमच्या घरांचे रक्षण कर. आमच्या हातांना बळ दे, पण आमच्या भीतीला शस्त्र देऊ नकोस. पोलीस आणि सैनिकांना सांभाळ, आणि ज्यांच्या हातून रक्त सांडले त्यांना पश्चात्तापाचे अश्रू दे. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
तुमचे धर्मगुरू